आडदऱ्याच्या वेशीवरचा म्हातारा

मंगळवार, ६ जानेवारी

आबांच्या घशाचं ऑपरेशन १९ तारखेला ठरलं. कल्याणच्या डॉक्टरांनी स्वतः फोन करून सांगितलं आणि आईने मागून दोनदा विचारून घेतलं, त्यामुळे बातमी पक्की. गाठ साधी दिसते म्हणाले, तरी काढून तपासायला पाठवतील. पण ती स्वरतंतूवर अशा जागी बसली आहे की नंतर आवाज पहिल्यासारखा येईलच असं सांगता येत नाही. बारीक होईल, घोगरा होईल, कदाचित काहीच फरक पडणार नाही. आणि ऑपरेशननंतर दहा दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही.

आबा म्हणाले, तुझ्या आईच्या नशिबाने डॉक्टर चांगला भेटला. आई हसली नाही.

माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते आडदऱ्याचं. हे बरं दिसत नाही, पण इथे खोटं कशाला लिहू? आडदरा एकतीसला बाहेर पडायचा आहे आणि त्यातल्या म्हाताऱ्याचा निम्मा आवाज अजून भरायचा आहे.

बुधवार, ७ जानेवारी

मी काम करते त्या साप्ताहिकाच्या संपादकांकडे ऑपरेशनसाठी सुट्टी मागितली आणि त्या ओघात आडदरा म्हणजे काय हेही समजावावं लागलं. तलवारी, जादू, राक्षस असलेला एक जुना परदेशी कॉम्प्युटर गेम आहे. त्यात आपल्या मनाचा हिरो घेऊन मुलूखभर हिंडायचं. काही चाहते अशा गेमला स्वतःच्या हाताने नवा भाग बनवून जोडतात आणि फुकट वाटतात. त्याला मोड म्हणतात. आम्ही तिघांनी पाच वर्षं खपून एक अख्खा मुलूख जोडला आहे. डोंगराच्या पायथ्याशी सात गावं, एक किल्ला, भातखाचरं, दलदलीतला राक्षस. सगळी माणसं मराठी बोलतात, खाली इंग्रजी अक्षरं येतात. शेलूची श्रद्धा डोंगर आणि घरं काढते. खोपोलीत शिळफाट्याला राहणारा प्रबुद्ध कंपनीतली पाळी सांभाळून प्रोग्रामिंग करतो. माणसांनी काय बोलायचं ते मी लिहिते.

संपादक म्हणाले, म्हणजे फुकटचा अंक काढताय. आमचं साप्ताहिक बघता हे बोलायला त्यांना जड जायला हवं होतं.

चाहत्यांच्या ऑनलाइन मंचावर वर्षातून एकदाच, जानेवारीच्या अखेरीस, सगळे मोठे मोड एकत्र मांडतात. ती गर्दी पुन्हा वर्षभर मिळत नाही. आणि वर्षभराने श्रद्धा नसेल. फेब्रुवारीपासून ती पुण्याच्या एका गेम कंपनीत जाते आहे, तिथे बाहेरचं काम चालत नाही.

शुक्रवार, ९ जानेवारी

भरणी सुरू झाली. भरणी म्हणजे आवाजाची. आमचा स्टुडिओ म्हणजे भाताच्या पोत्यांची खोली. दिवाळीनंतर झोडणी झाली की पोती तिन्ही भिंतींना छतापर्यंत लागतात आणि आत टाचणी पडली तरी घुमत नाही. श्रद्धाने मुंबईच्या एका स्टुडिओचा फोटो दाखवला होता, भिंतीला करडे स्पंज लावलेले. आमची पोती जास्त चांगली आहेत, फक्त उंदराचा बंदोबस्त करावा लागतो.

आबांनी तालुक्यात तीस-पस्तीस वर्षं कबड्डीच्या सामन्यांना माईक धरला. कडावपासून खालापूरपर्यंत मैदानावर कोण चढाईला गेला, कोण बाद झाला, कुणाची चप्पल हरवली, सगळं त्यांच्या आवाजात. त्यामुळे माईकची भीती अशी नाही. अडचण उलटी आहे. समोर माईक आला की ते लिहिलेलं वाचत नाहीत.

मी लिहिलं होतं, "राक्षस आला, पळा." आबांनी डोळे मिटून सुरू केलं की राक्षस मध्यरेषा ओलांडून आलेला हाय, डाव्या कोपऱ्यात पोरं दबकून उभी हायत, प्रेक्षकांनी मागं सरून घ्यावं. प्रबुद्ध हसता हसता पोत्यावरून घसरला. मी कडक चेहऱ्याने म्हटलं, कागदावर आहे तेवढंच. मग घरी गेल्यावर प्रबुद्धने कळवलं की राक्षसाच्या लढाईला त्याने तेच लावलं आहे आणि ते काढायचं असेल तर त्याला आधी काढावं लागेल.

रविवार, ११ जानेवारी

शनिवार-रविवार भरणी बंद. आजूबाजूच्या फार्महाऊसवर डीजे लागतो आणि पोतीसुद्धा हरतात.

रिकाम्या वेळात म्हाताऱ्यासाठी आणखी ओळी लिहिल्या. तो वेशीवर बसतो, आल्यागेल्याला पेज देतो, सगळ्यांना ओळखतो. त्याला थोडं घरगुती बोलणं हवं असं वाटलं. कोंबड्यांना बोलावणं. पाऊस येईल का हे आभाळ बघून पुटपुटणं. वालाच्या शेंगा कशा निवडाव्यात. मुलीला हाक मारणं: "नमे, दिवे लागले, घरात ये गं." मुलीचं नाव ठेवायला दुसरं काही पटकन सुचलं नाही.

मंगळवार, १३ जानेवारी

प्रबुद्धने विचारलं, ह्या नव्या ओळी मोडमध्ये कुठे येणार? कारण म्हाताऱ्याला मुलगीच नाही. मी म्हटलं, पुढच्या भागात. तो म्हणाला, पुढचा भाग कुठला, श्रद्धा तर चालली. मी म्हटलं, भरून ठेवायला काय जातंय, आवाज चांगला लागलाय तोवर. तो बरं म्हणाला आणि माईक जरा पुढे सरकवला.

आबांनी "नमे" ची हाक एकाच दमात दिली. पुन्हा घ्यावी लागली नाही. कोंबड्यांना बोलावलं तेव्हा अंगणातल्या खऱ्या कोंबड्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या, म्हणून ती मात्र दोनदा घेतली.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत

आबांना तिळगूळ दिला. गोड बोलायला सांगायचं की नाही, कुणालाच कळेना. शेवटी तेच म्हणाले, अठरापर्यंत बोलतो, पुढचं डॉक्टरला विचारा.

शनिवार, १७ जानेवारी

डीजे असूनही आज भरणी केली, कारण उद्याचाच दिवस उरला. दुपारी जेवायला गेल्यावर ते लोक संगीत थांबवतात, तेवढ्यात उरकलं.

वेशीवरचा प्रसंग होता. हिरो गावात शिरतो, म्हातारा विचारतो, पेज पिऊन जातोस का? हिरो हो म्हणाला तर पेज पितो आणि वेशीचा दरवाजा उघडतो. नाही म्हणाला तर म्हातारा म्हणतो, "बरं, जा मग," आणि तरीही दरवाजा उघडतो. एवढं साधं.

आबांनी कागद खाली ठेवला. "असं कोण बोलतं? एकदा नाय म्हटलं की जा? पहिलं नाय तर लाजेचं असतं."

मग त्यांनी स्वतःच आणखी दोन वेळा विचारणं घातलं. दुसऱ्यांदा, "अरे घोटभर तरी." तिसऱ्यांदा, "उन्हाचा आलास, रिकाम्या तोंडी कसा जाशील?" मला आवडलं. पण शेवटचं वाक्य हवंच होतं, त्याशिवाय दरवाजा कशावर उघडणार? तर ते "जा" म्हणायला तयार होईनात. दारातल्या माणसाला जा म्हणायचं नसतं. मी म्हटलं, मग "या" म्हणा. "या मग, सावकाश." चार अक्षरं इकडे तिकडे.

आबांनी खाकरून पाहिलं. आवाज बसलाय म्हणाले, उद्या. तोवर समोरून डीजेही सुरू झाला.

रविवार, १८ जानेवारी

आज काहीच भरलं नाही. सकाळी कबड्डीतले त्यांचे सोबती श्रीपतकाका आणि आणखी चौघे भेटायला आले आणि संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. आबांनी एकोणनव्वद सालचा अंतिम सामना पहिल्या चढाईपासून शेवटपर्यंत सांगितला. मी मोबाइल टिपॉयवर उपडा ठेवला होता, रेकॉर्डिंग लावून. असंच, माईकशिवाय आवाज कसा येतो बघायला.

मंडळी गेल्यावर आबांनी तो मोबाइल उचलून माझ्या हातात दिला.

"नमे, पोत्यात भात भरतात तसा तू मला भरून ठेवतेस व्हय?"

मी म्हटलं, तसं नाही आबा, खोलीतला गोंगाट किती येतो ते तपासत होते. ते म्हणाले, बरं बरं, तपास. त्या एका ओळीची आठवण मी केली तर म्हणाले, राहू दे ती, राहिली तर काय बिघडतंय.

काल स्वतःच 'उद्या' म्हणाले होते, विसरलेत. ऑपरेशनचं टेन्शन असेल.

सोमवार, १९ जानेवारी

झालं. व्यवस्थित झालं. डॉक्टर दोन मिनिटं बोलले, आईने पाच मिनिटं विचारलं. संध्याकाळी आबा उठून बसले आणि पेजेसाठी हाताने वाटीची खूण केली. सूप मिळालं.

गुरुवार, २२ जानेवारी

घरी आलो. घरात इतकी शांतता आहे की फ्रिज चालू-बंद होताना कळतं.

आबांनी स्वतःची भाषा काढली आहे. कबड्डीच्या पंचाच्या खुणा. चहा हवा की दोन्ही हातांनी टाइम-आऊट. भाजी आवडली तर एक बोट वर, गुण. शेजारचा पोपट मोठमोठ्याने घोरल्यासारखं बोलत बसला होता (पोपट हे माणसाचं नाव आहे, आबांच्या वयाचा), त्याला तर सरळ मैदानाबाहेर काढलं. पोपटकाका उठून गेले. नंतर हसत परत आले, तोवर चहा झाला होता.

शनिवार, २४ जानेवारी

रिपोर्ट आला. गाठ साधीच. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, मग मी रिपोर्ट मागवून स्वतः वाचला, मग प्रबुद्धच्या मावशी नर्स आहेत त्यांच्याकडून वाचून घेतला. आई देवासमोर बसली ती उठेचना. आबांनी दोन्ही हात वर करून सामना जिंकल्याची खूण केली. आवाजाचं मात्र २९ला, घसा तपासल्यावर.

रोज जेवताना मी भरलेल्या ओळी स्पीकरवर लावते. कुठे खरखर राहिली का ते ऐकायला. स्वयंपाकघरात स्पीकर ठेवला तर जास्त नीट कळतं. आईसुद्धा तेव्हा भांडी घासायचं थांबवते, आवाज होऊ नये म्हणून. आज तिने विचारलं की कोंबड्यांची ओळ तपासून झाली असली तरी पुन्हा एकदा तपासायची का?

रविवार, २५ जानेवारी

आडदऱ्यात कुणी शिरू शकत नाही.

मंचावरच्या काही अनोळखी लोकांना आम्ही मोड चाचणीसाठी दिला होता. पोलंडच्या मारेकने आधी कळवलं, मग आणखी तिघांनी. वेशीवरचा म्हातारा सोडत नाही. नाही म्हटलं की विचारतो, पुन्हा नाही म्हटलं की पुन्हा विचारतो, तिसऱ्यांदा नाही म्हटलं की गप्प होतो आणि दरवाजा बंदच. हलताही येत नाही. मारेकने लिहिलं आहे की म्हातारा फार प्रेमळ वाटतो आणि आपण त्याचे कैदी आहोत.

प्रबुद्धने स्वतः खेळून पाहिलं. खरं आहे. दरवाजा उघडणं त्या शेवटच्या वाक्याला जोडलं होतं. वाक्य भरलंच नाही, म्हणून दरवाजा वाट बघत बसतो. ती रिकामी जागा त्याने नंतर भरू म्हणून ठेवली आणि नंतर तो विसरला. मीही.

पण आठवडाभर आम्ही खेळत होतो, आम्हाला कसं दिसलं नाही? श्रद्धाने फोनवर उत्तर दिलं. आमच्यातल्या एकानेही कधी पेज नको म्हटलंच नव्हतं. श्रद्धाच्या आईने खेळून पाहिलं, प्रबुद्धच्या पाळीतल्या दोघांनी पाहिलं, सगळ्यांनी पेज घेतली. म्हाताऱ्याने विचारलंय, नाही कसं म्हणायचं? मारेक म्हणतो, अशा गेममध्ये अनोळखी माणसाने दिलेलं पिणारा मरतो, हे लहान पोरालाही माहीत असतं.

सोमवार, २६ जानेवारी

ध्वजवंदनाची बातमी दिली, मग दिवसभर वेस.

श्रद्धाचं म्हणणं, तिसऱ्या नकारानंतर दरवाजा मुकाट उघडू दे. बोलणं नकोच. कुणाला कळणार आहे? ती बरोबर आहे. काम पाच मिनिटांचं आहे. पण तीनदा आग्रह करणारा माणूस एकदम तोंड मिटून दरवाजा उघडतो, हे रागावल्यासारखं वाटतं. करून पाहिलं. म्हातारा रुसल्यासारखाच दिसतो.

प्रबुद्धने दुसरा उपाय काढला. आबांचं इतकं बोलणं भरलेलं आहे की त्यावरून मशीन त्यांच्या आवाजात हवं ते वाक्य तयार करून देतं. आबांना विचारल्याशिवाय वापरणार नाही, म्हणाला, पण ऐकून तर बघू.

मंगळवार, २७ जानेवारी

प्रबुद्ध लॅपटॉप घेऊन दुपारीच आला. आबा पडवीत बसले होते, आई आत भाकऱ्या करत होती. त्याने बटण दाबलं.

"या मग, सावकाश."

हुबेहूब. 'सावकाश'मधला तो शेवटी जरा खाली येणारा सूरसुद्धा. मी म्हणणार होते की काम झालं.

तेवढ्यात आई पिठाच्या हातांनी बाहेर धावत आली. "अवो, डाक्टरनी काय सांगितलं हाय? एवढं नऊ दिवस केलंत आन् आता—"

आबांनी दोन्ही हात वर करून दाखवले, की मी नाही. तोंड घट्ट मिटलेलं. आईने त्यांच्याकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं. प्रबुद्धने चोरासारखं झाकण लावलं आणि मामी, मशीन होतं, असं काहीतरी पुटपुटला. आई खाली बसली. पदराने डोळे पुसले, त्यामुळे कपाळाला पीठ लागलं. मग म्हणाली, "मला वाटलं, आला आवाज."

आबांनी प्रबुद्धकडे वळून हात आडवा झटकला. चढाई करणारा बाद. प्रबुद्धने ती फाइल तिथेच पुसली. पुसल्याचं त्यांना दाखवलंही.

मग आबांनी टाइम-आऊटची खूण केली. चहा ठेवायला मी उठले तर मान हलवली. चहा नको. त्यांनी स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवलं, पोत्यांच्या खोलीकडे दाखवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ जाऊन गुरुवारवर टिचकी मारली.

मी म्हटलं, आबा, आवाज कसा येईल माहीत नाही. पहिल्या तीन ओळींशी जुळणारसुद्धा नाही. त्यांनी खांदे उडवले.

श्रद्धाला कळवलं. तिचं उत्तर आलं: शुक्रवारी दुपारपर्यंत फाइल आली तर चालेल, एक मिनिटही पुढे नाही. मग दुसरा निरोप: आणि आबांना सांग, माझ्या आईने तब्येत विचारलीय.

त्या दिवशी त्यांनी ती ओळ मुद्दाम ठेवली असेल का, असं प्रबुद्ध जाताना म्हणाला. मला नाही तसं वाटत. आवाज बसला होता, डीजेही होता.

बुधवार, २८ जानेवारी

साप्ताहिकाची पानं छपाईला सोडली. उद्याची सुट्टी मिळाली. संपादकांनी विचारलं, फुकटचा अंक निघतोय का वेळेवर? म्हटलं, एका वाक्यावर अडलाय. ते म्हणाले, मग तो खरा अंक आहे.

घरी आले तर आईने पोत्यांची खोली झाडून ठेवली होती. बसायला घोंगडी घातली होती. मी तिला सांगितलं की कपड्याची सळसळही माईकला ऐकू येते म्हणून भरणीच्या वेळी आत कुणी बसत नाही. ती म्हणाली, कुणा परक्याच्या खेळातल्या पोराला पहिला शब्द मिळणार आणि मी दाराबाहेर? नियम मीच केला होता, आणि तिच्यासमोर तो फार टिकेल असं दिसत नाही.

उद्याचं असं ठरलं आहे. अकरा वाजता कल्याणला घसा तपासायचा. डॉक्टर बोला म्हणाले तरी आबा तिथे बोलणार नाहीत, हे त्यांनी खुणेने तीनदा बजावलं आहे, त्यामुळे डॉक्टरांना मला समजवावं लागेल. नाही म्हणाले तर वेस आहे तशीच राहील आणि ज्याला आडदऱ्यात यायचंय त्याला पेज प्यावी लागेल. मारेकला तसं कळवून ठेवलं. त्याने विचारलं आहे, पेजेत काय असतं?

हो म्हणाले तर सरळ घरी. प्रबुद्ध पाळी बदलून चारला माईक घेऊन येतो आहे. दार लावायचं, कोंबड्या कोंडायच्या, पंखा बंद. एकदाच घ्यायचं. घोगरा येवो, बारीक येवो, चिरका येवो, जो येईल तो वेशीवर लागेल. शनिवारी रात्री जगातला कुठलाही माणूस तीनदा नाही म्हणाला की एका म्हाताऱ्याचा आवाज मध्येच बदलेल आणि दरवाजा उघडेल.

आईने घोंगडीवर दुसरी उशी आणून ठेवली. आबांच्या शेजारी. आणि माझ्यासाठी दाराजवळ पाट.